तायडे सरांची साठ मिनिटं

तायडे सर कुणाला भेटले की नमस्कार करत नाहीत, प्रश्न विचारतात. समोरचा शाळा-कॉलेजातला असला तर, "रोज किती मिनिटं पायजे?" आणि मोठा माणूस असला तर, "आठवड्याले किती पायजे?" उत्तर येवो न येवो, लगेच दुसरा प्रश्न, "अन् झाले किती?" मग शर्टाच्या खिशातून छोटी वही काढतात आणि टिपून घेतात.

प्रश्न व्यायामाचा आहे हे नव्या माणसाला कळायला वेळ लागतो. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरगावाहून आलेल्या एका परीक्षकांना वाटलं, हे नळाबद्दल विचारतायत. "आमच्याकडं एक दिवसाआड येतं, पाऊण तास," असं त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. सरांनी तेही लिहून घेतलं. धामणगावला आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलाचं लग्न होतं. सर स्टेजवर गेले, फोटोसाठी उभे राहिले आणि फोटोग्राफर "इकडे बघा" म्हणत असताना नवरदेवाच्या कानाशी वाकले. त्या फोटोत नवरदेव मांडवाच्या छताकडे बघत काहीतरी आठवतोय आणि नवरी काळजीनं त्याच्याकडे बघतेय.

उत्तरं साधी आहेत. वाढत्या मुलांना रोज साठ मिनिटं, मोठ्यांना आठवड्याला दीडशे. दम लागेल असं चालणं, पळणं, खेळणं. डॉक्टर सगळीकडे हेच सांगतात. सरांचं म्हणणं एवढंच, की हे प्रत्येकाला पाठ असलं पाहिजे.

मी अकोल्याची. अमरावतीच्या एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. आठवडाभर इथं खोली करून राहते आणि शनिवारी संध्याकाळी बडनेऱ्याहून गाडी धरून घरी जाते. तायडे सर आमच्याच कॉलेजात शारीरिक शिक्षणाचे, म्हणजे पी.टी.चे सर. नोकरीला पंचवीसहून जास्त वर्षं झालेली. पोट असं, की गळ्यातली शिट्टी लोंबत नाही, आडवी पडून राहते. स्टाफरूममधून गेटाजवळच्या चहाच्या टपरीपर्यंत दोनशे पावलं असतील, तेवढीही ते स्कूटरनं जातात. नवीन लागलेल्या एका शिक्षकानं त्यांना धिटाईनं उलट विचारलं, "सर, तुमचे किती झाले?" सरांनी वही उघडून पुढं केली. रोजच्या तारखेपुढं शून्य लिहिलं होतं, पानामागून पान. "माह्यं शून्य हाय," ते म्हणाले. "खोटं कायले लिवू?"

जुने लोक सांगतात, चार वर्षांपूर्वीपर्यंत ते असे नव्हते. मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली खुर्ची टाकायची, पोरांना बॉल काढून द्यायचा आणि पेपर वाचायचा, असा त्यांचा दिवस असे. एका उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर कॉलेज उघडलं आणि हे प्रश्न सुरू झाले. कुणी म्हणालं कुठल्या शिबिराला जाऊन आले, कुणी म्हणालं शुगर निघाली. त्यांना स्वतःला कुणी विचारलं नाही, मीही नाही.

नुसतं विचारून त्यांचं भागेना. जुलैमध्ये अकरावी-बारावीच्या प्रत्येक मुलाला ते एक चिठ्ठी देऊ लागले. चिठ्ठीवर तेच दोन प्रश्न. पहिल्या वर्षी साठ मिनिटं हे उत्तर फार थोड्यांना आलं, आणि सरांना आनंद झाला. रोग सापडला, असं त्यांना वाटलं. मालूमच नाई, त पोट्टे करतीन कसे, असं ते सगळ्यांना सांगत फिरले. मग त्यांनी जिन्याच्या भिंतीवर स्वतःच्या हातानं रंगवलं, "रोज साठ मिनिटं". प्रार्थनेनंतर सगळ्या मुलांकडून ते तीनदा म्हणवून घेऊ लागले. आमचा शिपाईही झाडू मारताना ते गुणगुणायचा.

पुढच्या जुलैत पहिलं उत्तर जवळजवळ सगळ्यांचं बरोबर आलं. दुसरं मात्र होतं तिथंच. कुणी शून्य लिहिलं, कुणी "जिना चढलो", एकानं "विचार केला". सगळ्यात वाईट हाल विज्ञानाच्या हुशार तुकडीचे. त्या मुलांनी साठ मिनिटं तर लिहिलीच, दमाचे प्रकार, हृदयाचे ठोके, सगळं नीट मुद्देसूद लिहिलं आणि खाली मोठं शून्य काढलं. ज्यांना सगळ्यात जास्त माहीत, ते सगळ्यात कमी हलणारे.

सर चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "मॅडम, वाक्य चुकलं असंन. तुमी मराठीच्या. दुरुस्त करून द्या."

मला हसू आलं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी ते आवरलं. त्यांना पाच वाक्यं लिहून दिली. एक आज्ञार्थी, एक विनंतीचं, एक तर यमक जुळवून. सरांनी एकेका तुकडीत एकेक वाक्य महिनाभर लावलं, नंतर पुन्हा चिठ्ठ्या घेतल्या आणि पाचही वाक्यं मला परत आणून दिली, आदरानं, कागदाची घडी विस्कटू न देता. फरक पडला नव्हता.

गेल्या वर्षी ते चिठ्ठ्या तपासत होते तेव्हा मी स्टाफरूममध्ये समोरच बसले होते. एका चिठ्ठीशी ते थांबले. उलटून पाहिली, पुन्हा सुलटी केली, मग माझ्याकडे सरकवली. बारावी विज्ञानातल्या साक्षी नावाच्या मुलीची होती. दोन्ही उत्तरं लिहून झाल्यावर तिनं मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं होतं, "सर, माहीत आहे. पण केव्हा?" आणि त्याखाली तिचा दिवस मांडला होता. सकाळी सहा ते नऊ क्लास. साडेदहा ते चार कॉलेज. पाच ते साडेआठ दुसरा क्लास. मग जेवण आणि अभ्यास. शेवटी एक ओळ, "पी.टी.चा तास टाइमटेबलमध्ये आहे, पण तो गणिताचा असतो."

मला वाटलं, उद्धटपणा म्हणून सर चिडतील. ते चिडले नाहीत. उठून ऑफिसात गेले आणि बऱ्याच वेळानं एक जुनी फाईल घेऊन आले. तिच्यात एक पिवळा पडलेला कागद होता. बारावी विज्ञानाचे शारीरिक शिक्षणाचे तास गणित विषयाला देण्यात यावेत, असा अर्ज. खाली मंजुरीचा शेरा. बारा वर्षांपूर्वीचा. अर्ज करणाऱ्याची सही तायडे सरांची होती.

"मीच देल्ले होते तास," ते म्हणाले. "कोणी मांगितले नोते."

मग त्यांनी स्नेहलची गोष्ट सांगितली. स्नेहल त्यांची एकुलती मुलगी. पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे, एवढंच मला माहीत होतं. बारा वर्षांपूर्वी ती याच कॉलेजात बारावीत होती आणि खो-खोच्या संघाची कप्तान होती. सर सांगत होते, पोरगी अशी वळायची की पाठलाग करणारी पुढं निघून जायची आणि ही मागं उभी. त्या वर्षी संघ विभागाच्या सामन्यांसाठी पात्र ठरला. सामने अकोल्यात होते, पूर्वपरीक्षेच्या तोंडावर. सरांचे वडील दुसऱ्याच्या शेतात सालदार होते, घरात इंजिनिअर कुणी झालेलं नव्हतं आणि पोरीला गणितात मार्क कमी पडत होते. सरांना झोप येईनाशी झाली. तिला थेट खेळू नको म्हणायची त्यांची हिंमत नव्हती, कारण खेळायला त्यांनीच शिकवलं होतं. म्हणून त्यांनी अर्ज केला. तास गेला, सराव गेला, संघ अकोल्याला गेलाच नाही.

"अन् तिले काय सांगितलं?" मीही नकळत त्यांच्यासारखं बोलून गेले.

"म्हटलं, कॉलेजनं बंद केलं. माह्या हातात काई नाई."

स्नेहलला मार्क मिळाले, इंजिनिअरिंग झालं, नोकरी लागली. दिवसाचे दहा-बारा तास खुर्चीत. चार वर्षांपूर्वी तिची कंबर धरली. डॉक्टरनं सांगितलं, बसून बसून झालंय. तेव्हापासून सरांनी मिळेल ते वाचून काढलं, मिनिटं पाठ केली आणि दर रविवारी फोनवर तिला विचारायला लागले. ती म्हणायची, "बाबा, मले माईत हाय." काही महिन्यांनी रविवारचा फोन दोन मिनिटांवर आला आणि सरांनी तिला विचारणं सोडून दिलं. जगाला विचारणं त्याच सुमाराला सुरू झालं. हे त्यांनी सांगितलं नाही. मी मनात हिशोब केला.

पुढच्या आठवड्यात स्टाफ मीटिंग होती. तायडे सर मीटिंगमध्ये कधी बोलत नाहीत, या वेळी उठले आणि तास परत मागितला. प्राचार्यांनी निकालाचं सांगितलं, पालक काय म्हणतील ते सांगितलं. गणिताचे सर म्हणाले, पोर्शन आधीच मागं आहे, आणि मुलांनाच पी.टी. नको असतं. सगळं खरंच होतं. सरांनी ऐकून घेतलं आणि तो पिवळा कागद टेबलावर ठेवला. आपण हा अर्ज का केला होता ते त्यांनी पोरीच्या नावासकट सांगितलं. "चूक माह्यी होती. बारा वर्षं पोट्ट्यायनं ते भोगली. मले एक तरी तास वापस द्या." शेवटी गणिताचेच सर म्हणाले, शनिवारचा शेवटचा तास घ्या, पूर्वपरीक्षेपर्यंत बघू.

पहिल्या शनिवारी मी गाडीची वेळ होईपर्यंत थांबले. मैदान म्हणजे आता मुलांच्या गाड्या लावायची जागा झाली आहे. तायडे सर पँट दुमडून एकेक स्कूटी भिंतीशी नेऊन लावत होते. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. बारावीची मुलं कडुनिंबाखाली नोट्स उघडून उभी. काही मुलं क्रिकेटला लागली. मुली हलेनात. सर त्यांना काही बोलले नाहीत, मिनिटंही विचारली नाहीत. चुन्यानं रेघ आखली, दोन टोकांना खांब रोवले आणि म्हणाले, खो-खो खेळू. खूप वेळानं साक्षी पुढं आली, तिच्या मागून काही मैत्रिणी. पळायला तिघी मिळाल्या, पाठलागाला एक. रेघेवर बसायला आठ लागतात, सात झाल्या. सरांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आठव्या जागेवर स्वतः जाऊन बसले.

बसताना त्यांनी एक हात जमिनीला टेकला. आम्ही दोघी-तिघी शिक्षिका व्हरांड्यातून बघत होतो, कुणी हसलं नाही. दोन-तीन फेऱ्या पोरींनी त्यांना टाळून खो दिला. मग साक्षी त्यांच्या मागं येऊन थबकली. तिला कळेना पाठीला हात लावावा की नाही. सर मागं न बघता म्हणाले, "दे." तिनं दिला. ते उठले आणि पळाले. आठ-दहा पावलं असतील. पुढची मुलगी सहज निसटली, सर खांबाला धरून वाकले, आणि पोरी हसायला लागल्या. सरही हसत होते, श्वास पुरत नव्हता तरी. त्यानंतर कडुनिंबाखालच्या उरलेल्या पोरी हळूहळू दप्तरं ठेवून आल्या. घंटा झाल्यावरही त्या थांबल्या नव्हत्या. माझी गाडी चुकली, मी पुढच्या गाडीनं गेले.

असे सात-आठ शनिवार झाले. मग एका शनिवारी बडनेरा स्टेशनवर मला तायडे सर दिसले. हातात पिशवी, पिशवीत डबे. स्नेहलची कंबर या वेळी जास्तच गेली होती, उठता येत नव्हतं. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, सरकारी नोकरीत नर्स आहेत, त्या आठवड्याची रजा काढून आधीच गेल्या होत्या. आता त्यांची रजा संपली, म्हणून हे निघाले होते. डब्यात ठेचा होता, आंबाडीची भाजी होती, तिला आवडतात म्हणून बांधून घेतलेल्या ज्वारीच्या भाकरी होत्या.

अकोल्यापर्यंत आम्ही समोरासमोर बसलो. सर खिडकीबाहेर बघत होते. मूर्तिजापूर गेल्यावर म्हणाले, "मॅडम, मले भेव लागून रायलं. आठवडाभर मी आन् स्नेहल, दोघंच. बोलू काय मी तिच्याशी?" मी त्यांच्या पिशवीतले कलंडलेले डबे सरळ केले. अकोला आलं, मी उतरले. ते दारापर्यंत येऊन उभे राहिले होते.

त्यांना आठवड्याऐवजी पंधरा दिवस लागले. मधले दोन शनिवार मी त्यांची शिट्टी गळ्यात घालून मैदानावर उभी राहिले. नियम पोरींनीच मला सांगितले.

परत आले त्या दिवशी मधल्या सुट्टीत सर माझ्यासमोर येऊन बसले आणि न विचारता सांगू लागले. पहिले काही दिवस फक्त स्वयंपाक केला. ती पडून असायची, हे भाकऱ्या गरम करायचे, टीव्ही लावून दोघं बघायचे. मग डॉक्टरनं थोडं चालवा म्हणून सांगितलं. पहिल्या दिवशी पलंगापासून दारापर्यंत. दुसऱ्या दिवशी लिफ्टपर्यंत. मग खाली, इमारतीच्या गेटापर्यंत. ती त्यांच्या दंडाला धरून चालायची, आणि तिच्या चालीनं चालताना यांनाच दम लागायचा, म्हणून गेटाजवळच्या बाकावर दोघं बसायची.

"त्या बाकावर मी सांगून टाकलं," सर म्हणाले. "म्हटलं, स्नेहल, तो तास कॉलेजनं नोता बंद केला. अर्ज माह्या होता."

चहा आला होता, त्याच्यावर साय धरत होती.

"मले वाटलं आता पोरगी उठून जाईन. पण ते म्हणे, मले तवाच मालूम होतं, बाबा. नोटीस बोर्डावर लागला होता न तो कागद. तुमची सही मी नाई ओळखणार काय?"

बारा वर्षं. मी विचारलं, मग ती तेव्हा बोलली का नाही?

"मीही हेच विचारलं." सरांनी चहाचा कप बाजूला सरकवला. "त म्हणे, त्या वर्षी तुमी लय घाबरलेले होते. रातच्याले उठून बसायचे. मले वाटलं, यायले अजून काहून तरास देऊ."

सतरा वर्षांची पोर रोज त्या बोर्डावरून जात होती, रोज ती सही बघत होती, आणि घरी येऊन कॉलेजनं बंद केलं हे वडिलांचं बोलणं खरं मानल्यासारखं दाखवत होती. सरांनी हे असं बोलून दाखवलं नाही. ते टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत बसले होते.

मी विचारलं, आता कशी आहे ती?

निघायच्या दिवशी ती एकटी खाली गेली, त्यांनी सांगितलं. तुमी वरच थांबा, मी जाऊन येतो, म्हणाली. सर चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत उभे राहिले. ती सावकाश चालत होती, मधे एकदा भिंतीला धरलं, पुन्हा निघाली. गेटापाशी पोचल्यावर तिनं वळून वर पाहिलं आणि हात वर केला.

"आता तो हात पोचली म्हणून केला, का मले बोलवाले केला, वरून काई समजलं नाई," सर म्हणाले. "मंग मी लिफ्टची वाट नाई पायली. जिन्यानं खाली गेलो."